टॅरंटुलाचं पिल्लू वाढवताना : नखाएवढ्या स्लिंगपासून पूर्ण वाढलेल्या मादीपर्यंत

बिळाशेजारी

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, पण माझी टॅरंटुला, म्हणजे मोठी केसाळ कोळीण, पूर्ण मोठी होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. गेल्या आठवड्यात तिने माझ्याकडे आल्यापासूनची बारावी कात टाकली. कात मऊ होती तेव्हाच अलगद पसरून मोजली, पुढच्या डाव्या पायाच्या टोकापासून मागच्या उजव्या पायाच्या टोकापर्यंत १३ सेंटिमीटर भरली. आली तेव्हा पाय पसरून जेमतेम १ सेंटिमीटर होती, करंगळीच्या नखावर मावली असती. मधे ५ वर्षं ४ महिने गेले.

जात कर्ली हेअर. शास्त्रीय नाव ट्लिल्टोकॅट्ल अल्बोपायलोसस, जुन्या माहितीत ब्रॅकिपेल्मा अल्बोपायलोसम या नावाखाली सापडेल, कोळी तोच. मूळची मध्य अमेरिकेतली, जमिनीत बीळ करून राहणारी, अंगभर लांब सोनेरी कुरळे केस. पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी हीच सुचवेन, कारण शांत आहे, खायला नाटकं करत नाही आणि पाळणाऱ्याच्या चुका सहन करते.

स्लिंग म्हणजे कोळ्याचं लहान पिल्लू. सुरुवातीला तिला गोळ्यांच्या रिकाम्या डबीएवढ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलं होतं. बाजूंना तापवलेल्या टाचणीने भोकं पाडली, आणि इथे एक नीट लक्षात ठेवा की भोक पिल्लाच्या पाठीच्या कडक ढालीपेक्षा बारीक हवं, कारण पोट मऊ असतं, ते दबून बाहेर येतं, ढाल जिथून गेली तिथून अख्खं पिल्लू गेलं. तळाला दोन-तीन बोटं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, खत न घातलेलं. खालचा थर ओलसर आणि वरचा जवळजवळ कोरडा. वरून फवारत बसण्यापेक्षा एका कोपऱ्यातून ड्रॉपरने पाणी खाली सोडलेलं बरं, मग पिल्लू स्वतःच ठरवतं कुठे बसायचं ते. इवलासा जीव असल्यामुळे अंगातलं पाणी मोठ्यांपेक्षा फार लवकर उडतं म्हणून खालची ओल पूर्ण सुकू द्यायची नाही. हीटर, खालून तापवायची चटई वगैरे काही लावलं नाही. माणसाला ज्या खोलीत बरं वाटतं तिथे यांनाही बरं वाटतं, साधारण २२ ते २८ अंश.

खायला आठवड्यातून दोनदा मीलवर्मचा (पिठात वाढणाऱ्या अळीचा) तुकडा नाहीतर रातकिड्याची मागची तंगडी. मेलेलं चालतं का असं मला खूप जण विचारतात. चालतं. कोळी चावून गिळत नाही, पाचक रस सोडून भक्ष्य पातळ करतो आणि ते शोषून घेतो, मागे उरतो तो एक छोटा काळा गोळा. पिल्लं रात्री येऊन तुकडा शोधतात आणि ओढून नेतात. उरलेलं मात्र २४ तासांत चिमट्याने काढायचं, नाहीतर बुरशी आणि माइट्स, म्हणजे ठिपक्याएवढे बारीक किडे, होतात.

आता ज्यासाठी खरं तर हा धागा लिहायला घेतला ते. दुसऱ्या महिन्यात तिने बिळाचं तोंड माती आणि जाळ्याने लिंपून बंद केलं. मला वाटलं दोन दिवसांत उघडेल. आठवडा गेला, दोन गेले, टाकलेला तुकडा तसाच. एकोणिसाव्या दिवशी मी चमचा घेतला आणि हळूहळू माती बाजूला केली, कारण मला फक्त बघायचं होतं ती जिवंत आहे की नाही. ती आत उताणी पडली होती. कात टाकत होती. वरची ढाल निघाली होती, पाय अर्धे आत अर्धे बाहेर, आणि माझ्या चमच्याने बिळाचा अर्धा भाग तिच्यावर ढासळला. तासाभराने ती बाहेर आली पण मागचा एक पाय कातीतच अडकून तुटला आणि दुसरा वाकडा वाळला. त्या वेळी अंग दुधाळ, ओलं, इतकं मऊ असतं की कोकोपीटचा एक तंतूसुद्धा रुतेल. मी रात्रभर त्या डबीजवळ बसून होते. ती जगली. पुढच्या कातीत तुटलेल्या जागी एक काडीसारखा बारीक पाय आला, त्याच्या पुढच्या कातीत जवळजवळ इतरांएवढा झाला, आणि आज कुठला पाय तुटला होता ते मलाही वही बघून सांगावं लागतं. पण तो दिवस मी विसरलेले नाही आणि त्यानंतर बंद बीळ मी कधीही उकरलेलं नाही.

नोंदवहीप्रमाणे पहिल्या वर्षात ५ काती, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात २ आणि मग वर्षाला एक. घर तीनदा बदललं. बाकी काय विचारायचं ते विचारा, येईल तसं लिहीन.

नवखा_पाळक

ताई, हा धागा आजच वर आला हे माझं नशीब. माझ्याकडे पण कर्ली हेअरच आहे, दीड सेंटिमीटर असेल, आणून दोन महिने झाले. आज २३ दिवस झाले, बिळाचं तोंड बंद आहे, डबीच्या बाजूने आधी थोडं दिसायचं आता तिकडूनही जाळं लावलंय. तुमची चमच्याची गोष्ट वाचत होतो तेव्हा टूथपिक माझ्या टेबलावरच होती, आज संध्याकाळी उकरायचंच असं ठरवलं होतं. आता नाही उकरणार पण मनाला चैन नाही. उपाशी मरणार नाही ना? आणि आत मेलं असेल तर कळणार कसं?

बिळाशेजारी

टूथपिक ठेवून द्या दादा, चांगलं केलंत विचारलंत ते.

बीळ बंद करायच्या आधी पोट कसं होतं ते आठवा. पोट ढालीपेक्षा मोठं, दीडपट वगैरे, टरटरीत आणि वरून चकचकीत काळपट दिसत होतं का? तसं असेल तर ते कात टाकायच्या तयारीत आहे. आत नवीन अंग तयार होत असतं त्याचा रंग ताणलेल्या कातडीतून दिसतो म्हणून काळपट दिसतं. या काळात ते खात नाही, कारण खाणार कशाने? कातीबरोबर सुळे बदलतात, तोंडाच्या आतलं, अन्न शोषायच्या पोटाचं अस्तरसुद्धा कातीबरोबर निघतं. म्हणजे नुसती चामडी बदलणं नाही हे, अर्धं आतलं शरीर उतरवून ठेवणं आहे.

भुकेने पिल्लू सहसा जात नाही, तहानेने जातं. म्हणून बीळ बंद असलं तरी खालची ओल टिकवायची, बाकी काही करायचं नाही. तुकडे टाकणं थांबवा, आणि जिवंत मीलवर्म तर अजिबात सोडू नका, तो मातीत शिरतो आणि कात टाकून मऊ पडलेल्या पिल्लाला कुरतडतो. पोट भरलेलं पिल्लू महिना-दीड महिना आरामात बंद राहतं, मोठी झाल्यावर तर कित्येक महिने.

मेलं असेल तर कसं कळणार, त्याचं उत्तर असं की आत असताना नाही कळणार. हे स्वीकारायला मला वर्ष लागलं. पण उकरून जिवंताला मारायची शक्यता जास्त आहे, आणि मेलेलं असेल तर उकरून काही परत येणार नाही.

एक फरक मात्र आत्ताच शिकून ठेवा, यात लोक दगावतात म्हणजे त्यांचे कोळी दगावतात. कोळी उताणा पडलेला असेल, पाय वर पसरलेले, तर तो कात टाकतोय. हात लावू नका, फुंकर मारू नका, सरळ करायला तर मुळीच जाऊ नका. सरळ उभा असेल पण पाय सगळे पोटाखाली मुठीसारखे आवळलेले असतील तर तो संकटात आहे, बहुतेक वेळा पाणी कमी पडलंय. कोळ्याला पाय आवळायला स्नायू आहेत, पण मोठ्या सांध्यांत पाय पसरायला नाहीत, ते काम अंगातल्या द्रवाच्या दाबाने होतं. पाणी कमी झालं की दाब कमी, पाय आपोआप आवळतात. अशा वेळी ओलसर मातीच्या डबीत ठेवून तोंडापाशी पाण्याचा थेंब पोचवला तर काही वेळा वाचतो.

आठडोळे

छान धागा. एक भर घालतो, कारण इथलं वाचून कोणी झाडावर राहणाऱ्या जातीचं पिल्लू असंच ठेवेल आणि ते जाईल. माझं गेलं म्हणून सांगतोय.

माझं पहिलं पिल्लू कॅरिबेना व्हर्सिकलर, मार्टिनिक बेटावरची जात. पिल्लू असताना अख्खं निळं असतं, डोळे ठरत नाहीत, आणि मोठं होताना हळूहळू हिरवी ढाल, तांबडं पोट, जांभळट पाय असं रंग बदलत जातं. मला कोणीतरी सांगितलं होतं की या जातीला दमट लागतं, म्हणून मी छोट्या बंद डबीत रोज फवारा मारायचो. आठव्या दिवशी ते तळाशी आलं, अकराव्या दिवशी गेलं. नंतर कळलं की यांना हवेशिवाय नुसती ओल म्हणजे विष आहे. डबी उभी हवी, समोरासमोरच्या बाजूंना भोकं म्हणजे हवा आरपार जाईल, वरच्या अर्ध्या भागात सालीचा तुकडा आणि एक-दोन खोटी पानं म्हणजे त्यात जाळ्याची नळी विणता येते, खाली माती जवळजवळ कोरडी आणि पाण्याची बारकी वाटी. दुसरं पिल्लू याच पद्धतीने वाढवलं, आज ती पूर्ण वाढलेली आहे आणि वरच्या कोपऱ्यात तिची जाळ्याची पिशवी आहे तिथून रात्री समोरचे दोन पाय तेवढे बाहेर काढून बसते.

म्हणून जात कळल्याशिवाय डबी भरू नका. जमिनीवरची, बिळातली, झाडावरची, तिघांचं घर वेगळं. बिळातल्यांना माती खोल, झाडावरच्यांना उंची. आणि जमिनीवरच्या जातींना उंची जीवघेणी हे ताई लिहितीलच.

बिळाशेजारी

हो, ते राहिलंच. मोठ्या कर्ली हेअरचं पोट म्हणजे पातळ कातडीची पाण्याने भरलेली पिशवी समजा. काचेवर चढता येतं तिला, पण अंग जड, पाय सुटला की पडते आणि पोट फाटलं की संपलं. मातीपासून झाकणापर्यंत तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त जागा ठेवत नाही मी. लोक मोठी टाकी घेतात आणि तळाला चार बोटं माती घालतात, त्यापेक्षा अर्धी टाकी मातीने भरा, तिला बीळ पण करता येईल. मधोमध मोठे दगड, टोकदार सजावट नको, पडली तर त्यावर पडते. झाकणाला बारीक धातूची जाळी असेल तर काढून भोकं पाडलेलं ॲक्रिलिक बसवा, पायाच्या टोकाच्या नख्या जाळीत अडकतात आणि लोंबकळत पाय तुटतो.

कवडसा

बिळाशेजारी, तुमची मादी निघाली हे वाचून खूप आनंद झाला आणि थोडं पोटात कालवलंही. माझा नर होता.

मेक्सिकन रेड नी, ब्रॅकिपेल्मा हॅमोराय. दीड सेंटिमीटरचा आणला होता, ही जात फारच सावकाश वाढते, सहा वर्षं सांभाळला. इतकी वर्षं मी त्याला "ती" म्हणायचे. मग एक कात टाकून उठला तो वेगळाच प्राणी. पाय लांब आणि बारीक, पोट छोटं, तोंडाजवळचे दोन आखूड हात असतात ना, त्यांच्या टोकाला गोळे आले, जणू मुठी, आणि पुढच्या पायांवर आतल्या बाजूला आकडे. वाचून माहीत होतं की नराची ही शेवटची कात, आता तो पुन्हा वाढणार नाही. आकडे कशासाठी तर मीलनाच्या वेळी मादीचे सुळे अडवून धरायला. एका रात्री तो जाळ्याची छोटी चादर विणून त्याखाली उलटा झोपलेला दिसला, ती शुक्राणूंची चादर, त्यावर थेंब सोडून तो त्या मुठींमध्ये भरून घेतो. त्यानंतर तो बिळात थांबलाच नाही. रोज रात्री काचेच्या कडेकडेने फेऱ्या. सहा वर्षं एका जागी बसलेला जीव रात्र रात्र चालत होता आणि मला कळत होतं तो काय शोधतोय.

ओळखीतल्या एकाकडे त्याच जातीची वाढलेली मादी होती, तिथे नेलं. पायांनी टकटक करून त्याने जमीन वाजवली, आतून तिने उत्तर दिलं. मीलन झालं आणि तो सुखरूप मागे सरकला, तिने झडप घातली तर मधे घालायला आम्ही हातात पुठ्ठा घेऊन तयार होतो पण लागला नाही. शेवटच्या कातीनंतर १४ महिने जगला. शेवटी शेवटी पाय थरथरायचे, खाणं सुटलं, मी वाटी त्याच्या पुढ्यात ठेवायचे. या जातीच्या माद्या २०-२५ वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतात आणि नर वयात आल्यावर वर्ष-दोन वर्षं फार तर. कुणी पिल्लू घेणार असेल तर मनाची ही तयारी ठेवून घ्या, नर निघायची शक्यता निम्मी असते.

नर की मादी हे तुम्हाला आधी कधी कळलं होतं?

बिळाशेजारी

कवडसा, तुमचं वाचून थांबले जरा. सहा वर्षं म्हणजे कमी नाही. मला वाटतं तो ज्यासाठी चालत होता ते तुम्ही त्याला मिळवून दिलंत, बहुतेक पाळलेल्या नरांना ते मिळत नाही.

माझी सातव्या कातीला कळली, तेव्हा साधारण ५ सेंटिमीटर होती. कात टाकली की तिला एक-दोन दिवस बाजूला होऊ द्यायचं मग लांब चिमट्याने कात काढून घ्यायची. वाळून कडक झाली असेल तर कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून भिजवायची, पोटाचा भाग चुरगळलेल्या ओल्या टिश्यूसारखा असतो तो बारीक ब्रशने उलगडायचा. आतल्या बाजूने बघितलं की पांढरट असे चार ठिपके दिसतात, त्या पुस्तकी फुप्फुसांच्या, म्हणजे कोळ्याच्या श्वास घ्यायच्या अवयवांच्या, दोन जोड्या. वरच्या दोघांच्या मधोमध एक छोटा पडदा किंवा खिसा उभा दिसला तर मादी, तो शुक्राणू साठवायचा कोष. काही नसेल तर बहुतेक नर. लहान असताना भिंग लागतं आणि चुकायला पण होतं, मी दोन काती सलग बघून मग वहीत मादी असं लिहिलं. आणि कोषाचं अस्तरसुद्धा कातीबरोबर निघून जातं, म्हणून मीलन झालेल्या मादीने अंडी घालायच्या आधी कात टाकली तर सगळं वाया.

पायरव

आपल्या डोळ्यांना असलेल्या धोक्याबद्दल कोणीतरी लिहील म्हणून थांबलो होतो, मीच लिहितो.

कर्ली हेअर, रेड नी या सगळ्या अमेरिका खंडातल्या जाती, यातल्या बहुतेकांच्या पोटावर खाजरे केस असतात. घाबरली की मागच्या पायाने पोट घासते आणि ते हवेत उडतात. खाजकुइली लागल्यासारखं होतं. एवढंच असतं तर ठीक, पण मी एकदा डबी चेहऱ्याजवळ धरून पाणी भरत होतो आणि केस डोळ्यात गेले. साध्या डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक पण काटेरी असतात, चोळलं की आणखी आत जातात, आणि मी चोळलं. तीन आठवडे डोळा लाल, उजेड सहन होईना, डोळ्यांच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली काही केस काढले आणि काही काढता येणार नाहीत असं सांगितलं, महिनोन्महिने थेंब घालत होतो. आता चष्मा लावल्याशिवाय झाकण उघडत नाही, हातमोजे घालतो आणि काम झालं की हात धुतल्याशिवाय तोंडाला हात नाही. त्वचेवर लागलं तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटा. डोळ्यात गेलं तर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर.

आशिया-आफ्रिकेतल्या जातींना हे केस नसतात, म्हणून त्या सुरक्षित असं समजू नका, उलट आहे. त्या पटकन पळतात, पटकन चावतात आणि विष जास्त त्रासदायक असतं. पोसिलोथेरिया गटातल्या कोळ्यांच्या चाव्याने स्नायूंचे पेटके कित्येक दिवस येत राहिल्याच्या नोंदी आहेत. पहिला कोळी म्हणून ते कधीच घेऊ नका.

शंकासुर

मी कोळी पाळत नाही, पाळणारही नाही, पण सगळा धागा वाचला. राग मानू नका. हात लावायचा नाही, ती तुम्हाला ओळखत नाही, दोन दोन महिने दिसत नाही, आणि जंगलातला जीव डबीत. मग पाळायचं कशाला? यातून तिला काय मिळतं आणि तुम्हाला काय मिळतं हे मला समजून घ्यायचंय.

बिळाशेजारी

राग कशाचा, हा प्रश्न प्रत्येक पाळणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा.

ती मला ओळखत नाही हे खरं आहे. आठ डोळे असून तिला उजेड-अंधार आणि हालचाल यापलीकडे फार दिसत नाही, तिचं जग कंपनांचं आहे, पायांच्या केसांनी ऐकते. माझा हात म्हणजे तिला नुसता एक मोठा गरम धक्का. हातावर घेतलेले फोटो लोकांना आवडतात पण त्यात तिला काहीही मिळत नाही, पडायचा धोका तेवढा मिळतो, म्हणून मी घेत नाही. पाच वर्षांत एकदाही नाही.

तिला काय मिळतं? ओली माती, अंधार, पाणी आणि निवांतपणा. जंगलात शेकडो भावंडांमधली फार थोडी मोठी होतात, बाकीची मुंग्या, पक्षी, दुष्काळ यात जातात. बिळातली मादी तिथेही आयुष्यभर बिळाच्या आजूबाजूलाच असते, फार फिरत नाही. म्हणून नीट केलेली डबी तिला तुरुंग वाटते असं मला वाटत नाही, पण हे मी माझ्या सोयीने म्हणत असेन ही शंका मी मनात जागी ठेवते आणि त्यामुळे तिची माती, खोली, अंधार यात कधी काटकसर करत नाही.

मला काय मिळतं हे सांगणं अवघड आहे. रात्री दिवा मंद करून बसते. कधी ती बिळाच्या तोंडाशी येते. वाटीवर वाकून पाणी पिते तेव्हा तोंड पाण्यात बुडवून अर्धा अर्धा तास तशीच असते. कधी बिळातली माती जाळ्यात गुंडाळून एक एक गोळी बाहेर आणून ठेवते. मी काही केलं नाही, तिने माझ्यासाठी काही केलं नाही, तरी तो तास मला दिवसभरातला सगळ्यात आवडतो.

आठडोळे

शंकासुर, जंगलातल्या जीवाचा मुद्दा तुमचा अगदी बरोबर आहे आणि यावर आम्ही पाळणाऱ्यांनीच कडक राहायला हवं. रेड नीसारख्या ब्रॅकिपेल्मा जाती एके काळी पाळण्यासाठी एवढ्या पकडल्या गेल्या की पूर्ण गट सायटिस करारात, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या करारात, घालावा लागला, पोसिलोथेरिया गट २०१९ मध्ये आला. मादी वयात यायला कितीतरी वर्षं घेते, त्यामुळे रानातून वाढलेल्या माद्या उचलल्या की ती जागा भरून यायला तेवढाच काळ जातो. घरात मीलन करून वाढवलेलं पिल्लूच घ्या, एका अंडकोषातून शेकडो पिल्लं निघतात, रानातून आणायची गरजच नाही. कागद मागा, आपल्या देशाचा कायदा बघा. मोठी मादी कुणी घाईने आणि स्वस्तात विकत असेल तर ती कुठून आली हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि एकदा घेतली की कंटाळा आला म्हणून बाहेर सोडायची नाही. तिथे ती मरेल, किंवा जगली तर तिथल्या जीवांना त्रास.

पायरव

अजून एक, घरात कीटकनाशक. झुरळांचा फवारा, डासांचं लिक्विड मशीन, कुत्र्याच्या अंगावर लावायचं गोचिडाचं औषध, हे सगळं कोळ्यालाही मारतं. माझ्या ओळखीत एकाने कुत्र्याला औषध लावून त्याच हाताने पाण्याची वाटी बदलली, दोन दिवसांनी कोळी झटके देत लटपटायला लागला आणि गेला. पकडलेली झुरळंही खायला घालू नका याच कारणाने, ती कुठे काय खाऊन आली माहीत नसतं.

वाटीत स्पंज, कापूस घालायची पण जुनी पद्धत आहे, ती नको. कुजतो नुसता. कोळी वाटीत बुडत नाही.

कवडसा

मातीत पांढरे टुणटुण उड्या मारणारे बारके किडे दिसले तर घाबरू नका, ते स्प्रिंगटेल, बुरशी खातात, असलेले चांगले. हळू सरकणारे गोल ठिपके कोळ्याच्या सांध्यांवर, तोंडाजवळ जमायला लागले तर मात्र सगळी माती बदला आणि डबी कोरडी करा.

नवखा_पाळक

ताई, आज ४१ वा दिवस.

सकाळी उठून डबी बघितली तर बिळाचं तोंड उघडं आहे!! आणि बाहेर एक छोटी चुरगळलेली गोष्ट पडली आहे, आधी मला वाटलं तेच मेलं, हातपाय गार पडले माझे. मग भिंग घेऊन बघितलं तर ती आतून पोकळ, बाजूला ढालीची टिकली वेगळी पडलेली, झाकण उघडल्यासारखी. आणि आत बिळात जरा खोलवर पाय दिसतायत, आधीपेक्षा लांब, फिकट रंगाचे आणि सगळे आठ. दोनदा मोजले.

मधे दोन वेळा मी टूथपिक हातात घेतली होती हे कबूल करतो. दोन्ही वेळा हा धागा उघडला आणि तुमची एकोणिसाव्या दिवसाची गोष्ट परत वाचली.

आता पुढे काय करू? रातकिड्याची तंगडी टाकू का आज? एवढे दिवस उपाशी आहे म्हणून विचारतोय.

बिळाशेजारी

आठ! वाचून मी खुर्चीतून उठले.

आज काहीही टाकू नका. आत्ता सुळे पांढरे आणि मऊ असतील, काही दिवसांत लालसर होतील आणि मग काळे, काळे दिसल्याशिवाय खायला नाही. एवढ्याशा पिल्लाला ५-६ दिवस पुरतात, माझ्या मोठीसाठी आता मी दोन आठवडे थांबते. पहिला तुकडा नेहमीपेक्षा लहान द्या. डबी हलवू नका, बिळाकडे टॉर्च मारू नका.

ती कात चिमट्याने उचलून कागदावर वाळवा आणि तारीख लिहून छोट्या डबीत ठेवा. पुढची कात तिच्या शेजारी ठेवाल तेव्हा कळेल किती वाढलं ते.

कोपऱ्यातून पाणी सोडलंय ना?

नवखा_पाळक

सोडलंय. ओल तळापर्यंत दिसतेय.